सारणी व तिचे प्राथमिक अध्यापन

सारणी : एकाच प्रकारच्या राशींची ठराविक क्रमाने केलेली अशी मांडणी की, तीतील प्रत्येक राशी तिच्या स्थानावरून ओळखता येते. मांडणी एकाच ओळीत असेल, तर सारणी एकमितीय आणि आडव्या ओळी व उभे स्तंभ अशा दोन दिशांनी असेल, तर ती द्विमितीय होय. सारणीतील प्रत्येक घटकाशी दोन गोष्टी निगडित असतात : तो कितवा आहे हे सांगणारा स्थानांक आणि तो केवढा आहे हे सांगणारे मूल्य. जाणत्याला हा भेद उघड वाटतो. नवशिक्याला तो तसा वाटत नाही. दोन्ही संख्याच असल्यामुळे एकीच्या जागी दुसरी घेतली जाते, आणि संगणकाच्या आज्ञावल्या लिहू लागलेल्या विद्यार्थ्याच्या पहिल्या चुका बहुधा याच जातीच्या असतात. प्राथमिक शाळेत कोष्टक प्रथमच भरणाऱ्या मुलाची अडचणही हीच. महाराष्ट्रात या अडचणीवर योजलेल्या उपायांत वर्धा येथे १९३७ नंतर झालेल्या शैक्षणिक प्रयोगाचे स्थान वेगळे आहे. कारण तेथे सारणीतील मूल्ये पुस्तकातून येत नसून मुलाच्या हातून निर्माण होत होती. त्याच कारणामुळे ती सारणी मुलाच्या शिक्षणासाठी भरावयाची की शाळेच्या जमाखर्चासाठी, हा प्रश्नही तेथे उभा राहिला.

पूर्वपीठिका : क्रमावरूनच अर्थ समजावा अशी संख्यांची मांडणी भारतात जुनी आहे. पहिल्या आर्यभटाने आर्यभटीयात (इ. स. ४९९) ज्यांमधील २४ फरक एकाच श्लोकात गुंफले. कोणता फरक कोणत्या कोनाचा, हे तेथे वेगळे सांगितलेले नाही. प्रत्येक पायरी २२५ कलांची, म्हणजे पावणेचार अंशांची आहे एवढे माहीत असले की, फरकाच्या स्थानावरून कोन कळतो. मुखोद्गत करण्यास ही रीत सोयीची खरी. परंतु एक संख्या गळली की, पुढील सर्व संख्या चुकीच्या कोनांना जाऊन चिकटतात.

मराठी गावठी शाळांतील पाढे हे या परंपरेचेच घरगुती रूप म्हणता येईल. पंतोजी धूळपाटीवर अंक गिरवून घेत आणि पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकीही घोकून घेत. ‘बे पंचे दहा’ या तीन शब्दांत सारणीचे सर्व अंग आहे : ‘बे’ हे पाढ्याचे नाव, ‘पंचे’ हा स्थानांक आणि ‘दहा’ हे मूल्य. तथापि पाठांतराच्या ओघात हे तिन्ही शब्द एकजीव होतात. ‘सात आठे किती?’ असे मध्येच विचारले असता कच्चा मुलगा ‘सात एके सात’ पासून सुरुवात करून आठाव्या पायरीपर्यंत चालत येतो. हव्या त्या जागी थेट जाणे ही सारणीची जी खरी शक्ती, ती त्याच्या हाती आलेली नसते. पाढ्यांच्या या पद्धतीला केवळ घोकंपट्टी म्हणून मोडीत काढणे मात्र न्यायाचे नाही. बाजारात सव्वा शेराचा भाव क्षणात सांगणारी पिढी तिनेच घडविली.

वर्धा योजना : महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळील शेगाव या खेड्यात राहावयास गेले. वर्धा तेव्हा मध्य प्रांतात होते. शहरातील मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्यालय होते, तर जवळच्या नालवाडीत विनोबा भावे यांनी सूतकताईच्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग चालविला होता. अशा प्रयोगाला तासागणिक हिशेब ओघानेच आला. जिल्हा कापसाचा, हिंगणघाटच्या कापसाची ख्याती जुनी. त्यामुळे शिक्षणासाठी मूलोद्योग निवडावयाचा झाल्यास कताईकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे नवभारत विद्यालयाच्या (पूर्वीचे मारवाडी विद्यालय) निमित्ताने शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी गांधीजी होते. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि उत्पादक हस्तव्यवसायाभोवती सर्व विषयांची गुंफण, ही तत्त्वे तेथे मान्य झाली व तपशील ठरविण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तीत ई. डब्ल्यू. आर्यनायकम्, ख्वाजा गुलाम सैयदैन, विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला, जे. सी. कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, के. टी. शाह आणि आशादेवी आर्यनायकम् यांचा समावेश होता. समितीने २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल दिला. फेब्रुवारी १९३८ मध्ये काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनाने योजनेस मान्यता दिली आणि एप्रिलमध्ये तिच्या अंमलबजावणीसाठी हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला. त्याच महिन्यात वर्ध्यात विद्यामंदिर योजनेच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण शाळाही उघडली.

अहवालातील वेळापत्रक बोलके आहे. साडेपाच तासांच्या शाळेत हस्तव्यवसायास ३ तास २० मिनिटे होती. संगीत, चित्रकला व गणित या तिहींना मिळून ४० मिनिटे. गणित एवढ्या वेळात शिकविता येईल असे समितीला वाटले नव्हते. त्याचा मोठा भाग टकळीवर व फाळक्यावर शिकला जावा, अशी अपेक्षा होती.

टकळीवरील गणित : कताईची मापे मुलाला मोजणीत खेचून घेत. चार फूट लांबीचा एक तार, १६० तारांची एक लटी व चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. फाळक्यावर सूत गुंडाळताना प्रत्येक पूर्ण फेऱ्याला एक तार मोजावयाचा. येथे मूल नकळत एक सूक्ष्म गोष्ट शिके : पहिला फेरा चालू असतो तोपर्यंत पूर्ण झालेल्या तारांची संख्या शून्य असते. चालू असलेला ‘पहिला’ आणि पूर्ण झालेला ‘एक’ हे निराळे आहेत. मुलाच्या वयाचेही तसेच असते. पहिले वर्ष चालू असते, तेव्हा त्याला एक वर्ष पुरे झालेले नसते.

सुताचा अंक काढताना भागाकार येई. ढोबळ मानाने ४० तोळे सुतात जितक्या गुंड्या भरतील, तितका त्या सुताचा अंक. एक गुंडी दोन तोळे भरली, तर अंक सुमारे २०. चार तोळे भरली, तर १०. वजन वाढले की अंक उतरतो, हे व्यस्त प्रमाण पुस्तकात मोठ्या वर्गात भेटते. टकळी चालविणाऱ्या मुलाच्या बोटांना ते आधीच ठाऊक असते, कारण जाड सूत लवकर निघते आणि त्याचा अंक कमी येतो.

या सर्वांची नोंद रोजच्या कोष्टकात होई. अशा नोंदीचे स्वरूप एका साध्या उदाहरणावरून कळेल. समजा, एका मुलाने सोमवार ते शनिवार अनुक्रमे ५२, ४८, ६०, ०, ६४ व ५६ तार कातले. वार हे स्थानांक व तारांच्या संख्या ही मूल्ये. पहिल्या तीन दिवसांची बेरीज १६०, म्हणजे नेमकी एक लटी. आठवड्याची बेरीज २८०, म्हणजे एक लटी व १२० तार. गुंडी पुरी होण्यास ३६० तार उणे. यांतील एकही प्रश्न शिक्षकाला बनवावा लागत नाही. शिवाय ‘तिसऱ्या दिवशी किती?’ आणि ‘६० तार कोणत्या दिवशी?’ हे प्रश्न परस्परांच्या उलट आहेत, हे मुलाला समजावून सांगावे लागत नाही. बुधवार कोणता व साठ तार कोणते, यांत त्याची गल्लत होणे कठीण. कारण तो बुधवार त्याने जगलेला व ते साठ तार त्याने ओढलेले असतात.

गुरुवारच्या शून्याची गोष्ट मात्र सरळ नाही. मूल शाळेत आले आणि पेळू खराब निघाल्याने काहीच कातले गेले नाही, तर शून्य ही खरी नोंद आहे. मग सहा दिवसांची सरासरी ४६ तारांहून थोडी अधिक येते. मूल आलेच नसेल, तर ती जागा रिकामी ठेवावयास हवी. मग पाच दिवसांची सरासरी ५६ येते. रिकामी जागा व शून्य यांतील हे दहा तारांच्या आसपासचे अंतर मुलाच्या प्रगतीविषयी दोन वेगळ्या गोष्टी सांगते. कोष्टक भरणाऱ्याचा प्रामाणिकपणा व समज यांची कसोटी बेरजेपेक्षा येथे अधिक लागते.

ओळ की स्तंभ : वर्गातील सर्व मुलांच्या नोंदी एकाखाली एक लिहिल्या की द्विमितीय सारणी तयार होते. आडव्या ओळीत एक मूल, उभ्या स्तंभात एक दिवस. ही सारणी दोन प्रकारे वाचता येते. ओळीने वाचली, तर एका मुलाचा हात कसा बसत गेला हे दिसते. स्तंभाने बेरीज केली, तर शाळेने त्या दिवशी किती सूत काढले हे कळते. संख्या त्याच, परंतु पहिले वाचन शिक्षकाचे आहे आणि दुसरे भांडाराचे. वर्धा योजनेवरील सर्वांत तीव्र वाद वस्तुतः या दोन वाचनांचा होता.

मुलांच्या श्रमांतून शाळेचा खर्च, विशेषतः शिक्षकाचे वेतन, निघावे, अशी गांधीजींची अपेक्षा होती. गरीब देशात सार्वत्रिक शिक्षण दारूच्या उत्पन्नावर अवलंबून ठेवावयाचे नसेल, तर दुसरा मार्ग कोणता, हा त्यांचा प्रश्न पोकळ नव्हता. के. टी. शाह यांनी परिषदेतच या स्वावलंबनाच्या कल्पनेवर आक्षेप घेतला : लहान मुलांच्या श्रमांवर शाळा चालविणे हे एक प्रकारचे दास्य होईल आणि शाळेतील माल धंदेवाईक कारागिरांच्या पोटावर येईल. ज्या समितीने योजना आखली, तिनेही अहवालात धोक्याची सूचना दिली होती. आर्थिक बाजूवर भर देऊन शिक्षक मुलांकडून अधिकांत अधिक काम काढून घेण्याच्या मागे लागतील व शैक्षणिक हेतू बाजूला पडेल, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. त्याच अहवालात इयत्तावार गतीची व सुताच्या अंकाची मानके दिलेली असावीत, यात विसंगती पाहणारे पाहतात. परंतु मोजल्यावाचून प्रगती कळत नाही आणि मोजले की उत्पादनाचा हिशेब मागितला जातो, ही अडचण समितीच्या लेखणीतून सुटण्याजोगी नव्हती. समितीतील कुमारप्पा हे लेखापरीक्षणाचे शिक्षण घेतलेले अर्थतज्ञ होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

युद्धोत्तर शिक्षणविकासाच्या १९४४ च्या सार्जंट अहवालाने मूलोद्योगाचे तत्त्व स्वीकारले; मात्र शाळेने, विशेषतः खालच्या इयत्तांत, आपला खर्च भागवावा ही अपेक्षा नाकारली. विक्रीतून फार तर जादा साहित्याचा खर्च निघावा, एवढेच त्यास मान्य होते. स्तंभाच्या बेरजेचे महत्त्व सरकारी दृष्टीने तेव्हाच संपले. १९४२ च्या आंदोलनात कार्यकर्ते तुरुंगात गेल्याने सेवाग्राममधील कामात खंड पडला होता. जानेवारी १९४५ मधील सेवाग्राम परिषदेनंतर ‘नई तालीम’ची व्याप्ती पूर्व-बुनियादीपासून प्रौढ शिक्षणापर्यंत वाढविण्यात आली. स्वातंत्र्योत्तर काळात बुनियादी शाळांची संख्या कागदावर वाढली, पण पुष्कळ ठिकाणी टकळी हे केवळ तपासणीच्या दिवशी बाहेर काढावयाचे साधन उरले. ज्या कोष्टकातील संख्या कोणी कातलेल्याच नाहीत, ते कोष्टक पुन्हा पाढ्यासारखे होते. कोठारी आयोगाने (१९६४–६६) मूलोद्योगाच्या जागी ‘कार्यानुभव’ ही व्यापक संज्ञा पुढे केली. सेवाग्राम येथे २००५ मध्ये ‘आनंद निकेतन’ ही शाळा सुरू होऊन नई तालीमचे काम नव्या रूपात पुन्हा उभे राहिले.

संगणकातील सारणी : संगणकाच्या भाषांतील सारणीचा वर्धा योजनेशी ऐतिहासिक संबंध नाही, साम्य आहे ते नवशिक्याच्या अडचणीचे. १९५७ मधील फोर्ट्रान भाषेत सारणीचा पहिला घटक १ या स्थानांकाचा होता, जसा तो सामान्य मोजणीत असतो. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात केमेनी व कुर्ट्झ यांनी १९६४ मध्ये खास नवशिक्यांसाठी बेसिक ही भाषा तयार केली. १९७० नंतरच्या सी भाषेत मात्र स्थानांक शून्यापासून सुरू होतो. तेथे स्थानांक हा ‘कितवा’ सांगत नसून आरंभापासूनचे अंतर सांगतो. पहिला घटक आरंभापासून शून्य अंतरावर असतो. नागपूरच्या झिरो माइलच्या स्तंभापाशी उभा असलेला मनुष्य पहिल्या मैलाच्या आरंभी असतो, पण त्याने अद्याप एकही मैल ओलांडलेला नसतो, तसेच हे. डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९८२ च्या एका टिपणात शून्यारंभाचे गणिती समर्थन केले आहे.

भारतातील शाळांत संगणक-साक्षरतेचा ‘क्लास’ प्रकल्प १९८४ मध्ये सुरू झाला आणि त्यासाठी बीबीसी बनावटीचे सूक्ष्मसंगणक वापरण्यात आले. त्यांवरील बेसिकमध्ये ‘डिम’ या आज्ञेत १० ही संख्या लिहिली असता सारणीत १० नव्हे, तर ० ते १० असे ११ घटक तयार होत. दहा मुलांचे गुण भरावयास निघालेल्या विद्यार्थ्याकडे एक जागा उरे, आणि ती का उरली हे कळण्यास त्याला फाळक्याचा पहिला फेरा आठवावा लागला असता.

पुढे स्क्रिप्टिंग भाषांचा प्रसार झाला. लिहिलेली आज्ञावली वेगळ्या भाषांतराच्या खटाटोपाशिवाय लगेच चालविता येते, हे या भाषांचे वैशिष्ट्य. पर्ल (१९८७), पायथन (१९९१), पीएचपी व जावास्क्रिप्ट (दोन्ही १९९५) या त्यांपैकी प्रमुख होत. यांतील सारणीची लांबी आधी ठरवून द्यावी लागत नाही. कातलेले सूत गुंडाळावे तसा नवा घटक शेवटी जोडता येतो. पायथनमध्ये अशा सारणीस ‘लिस्ट’ म्हणतात व तीत –१ हा स्थानांक शेवटचा घटक दाखवितो. ही सोय नवशिक्याला आवडते, परंतु शून्यारंभाची अडचण कायम राहते : सहा दिवसांच्या नोंदीत ‘६’ हा स्थानांक मागितला, तर पायथन चूक दाखवून थांबते, जावास्क्रिप्ट न थांबता ‘अनिश्चित’ या अर्थाचे मूल्य देऊन पुढे जाते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने पहिले वर्तन कठोर व दुसरे सौम्य वाटते; प्रत्यक्षात उपकारक पहिलेच, कारण चूक घडली तेथेच ती दिसते.

याहून फसवी गोष्ट नावांची. पायथनमध्ये एका सारणीला दुसरे नाव दिले, म्हणजे तिची प्रत होत नाही. एकाच सारणीला दोन नावे होतात आणि एका नावाने केलेला बदल दुसऱ्या नावाखालीही दिसतो. शेगाव हे नाव बुलढाणा जिल्ह्यातील प्रसिद्ध शेगावशी जुळत असल्याने टपालाचा घोटाळा होई, म्हणून १९४० मध्ये वर्ध्याजवळच्या खेड्याला सेवाग्राम हे नाव देण्यात आले. तेथे गाव एक व नावे दोन. पत्र कोणत्याही नावाने पोहोचले, तरी घर तेच. दोन गावांचे एकच नाव ही उलट अडचण आहे, आणि नवशिका या दोहोंची गल्लत करतो.

स्थानांकाऐवजी नावानेच घटक शोधता यावा, ही सोय १९७७ मधील ऑक या भाषेने रुजविली. पर्ल, पीएचपी व पायथन यांनी ती उचलली. अशा सारणीत बुधवारच्या जागी ‘२’ न लिहिता ‘बुधवार’ असेच लिहिता येते. मुलाच्या कताईच्या कोष्टकात वार लिहिलेले असत, म्हणून रचनेच्या दृष्टीने ते या नामांकित सारणीच्या अधिक जवळचे होय. गैरहजेरीचा प्रश्नही येथे पुन्हा भेटतो. पायथनमध्ये ‘काही नाही’ हे शून्याहून निराळे मूल्य आहे. सरासरी काढताना ते वगळणे हे काम आज्ञावली लिहिणाऱ्याचे. संगणक ५६ व ४६ यांपैकी कोणते उत्तर खरे, हे ठरवीत नाही.

या विषयावरील मराठी साहित्य दीर्घकाळ तुटपुंजे होते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने पर्ल, पीएचपी इत्यादी भाषांचे ध्वनिचित्रपाठ मराठी निवेदनासह उपलब्ध केले असून, सारण्यांवरील पाठही त्यांत आहेत. निवेदन मराठी असले, तरी पडद्यावरील आज्ञा इंग्रजीच राहतात. ‘सारणी’ऐवजी निवेदकाच्या तोंडी ‘ॲरे’ हाच शब्द अधिक येतो.